स्पर्धांमुळे देश जवळ येतात का? टेबल टेनिसच्या एका पंचाचे उत्तर

आपल्या शहरात कुमार गटाची आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस स्पर्धा व्हायची आहे, आपण संयोजन समितीवर आहात, आणि 'खेळ राष्ट्रांना जोडतो' हे वाक्य मुख्य फलकावर घ्यावे की नाही यावरून समितीत मतभेद झाले आहेत, असे आपण लिहिले आहे. काही सदस्यांना त्यात शंका घेण्यासारखे काहीच वाटत नाही. इतरांनी २०२५च्या आशिया चषकाकडे बोट दाखवले. पहलगामच्या हल्ल्यानंतर झालेल्या त्या स्पर्धेत भारतीय क्रिकेट संघाने पाकिस्तानी खेळाडूंशी हस्तांदोलन केले नाही आणि अंतिम सामना जिंकल्यावरही आशियाई क्रिकेट परिषदेच्या पाकिस्तानी अध्यक्षांच्या हातून चषक घेतला नाही. यांपैकी खरे काय, आणि आयोजकांच्या हातात नेमके काय असते, असा आपला प्रश्न आहे.

मी अनेक वर्षे टेबल टेनिसची पंच म्हणून देशात आणि परदेशात काम करत आले आहे, त्यामुळे उत्तरही मुख्यतः याच खेळाच्या आधारे देते. सुदैवाने या विषयावर टेबल टेनिसच्या इतिहासात जेवढे सापडते तेवढे फार थोड्या खेळांत सापडेल.

माझ्या मते आपल्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. सरकारे जवळ येतात का, हा पहिला. माणसे जवळ येतात का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर क्रीडांगणावर ठरत नाही. ते राजधान्यांत ठरते, आणि स्पर्धा फार तर त्याला एक निमित्त देते. दुसऱ्याचे उत्तर मात्र बऱ्याच अंशी आयोजकांच्या वेळापत्रकावर, बसच्या व्यवस्थेवर आणि जेवणाच्या जागेवर अवलंबून असते. समितीतले दोन्ही गट बहुधा या दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत असावेत, आणि म्हणून वाद मिटत नसावा.

पहिल्या प्रश्नासाठी १९७१ सालच्या नागोयाच्या जागतिक स्पर्धेचे उदाहरण नेहमी दिले जाते, पण ते अर्धेच सांगितले जाते. सांस्कृतिक क्रांती नावाच्या राजकीय उलथापालथीच्या काळात चीनचा संघ १९६७ आणि १९६९च्या जागतिक स्पर्धांना आला नव्हता. नागोयाला तो यावा म्हणून जपानच्या टेबल टेनिस संघटनेचे अध्यक्ष कोजी गोतो स्वतः बीजिंगला गेले आणि तैवानच्या प्रश्नावर मायदेशात टीका सोसूनही त्यांनी चीनशी बोलणी पूर्ण केली. स्पर्धा सुरू असताना तरुण अमेरिकन खेळाडू ग्लेन कोवन सरावानंतर चीनच्या संघाच्या बसमध्ये चढला. तेव्हा चीन आणि अमेरिका यांच्यात राजनैतिक संबंध नव्हते आणि अमेरिकन खेळाडूंशी आपण होऊन बोलू नये अशा सूचना चिनी खेळाडूंना होत्या, त्यामुळे बराच वेळ बसमध्ये कोणी काही बोलले नाही. अखेर तीन वेळा जगज्जेते ठरलेले झुआंग झेडोंग मागच्या आसनावरून उठले, दुभाष्यामार्फत कोवनशी बोलले आणि ह्वांगशान पर्वताचे चित्र असलेले रेशमी वस्त्र त्यांनी त्याला भेट दिले. बसमधून उतरताना दोघांची छायाचित्रे घेतली गेली आणि ती सर्वत्र छापून आली. अमेरिकन संघाला चीनमध्ये बोलावू नये असा चिनी परराष्ट्र खात्याचा सल्ला होता. माओंनी तो शेवटच्या क्षणी फिरवला. १० एप्रिल १९७१ रोजी अमेरिकन संघ हाँगकाँगच्या सीमेवरचा लोवूचा पूल ओलांडून चीनमध्ये गेला, १४ तारखेला चीनचे पंतप्रधान चौ एन लाय यांनी बीजिंगमध्ये त्याचे स्वागत केले, आणि त्याच दिवशी अध्यक्ष निक्सन यांनी चीनवरचे व्यापारी निर्बंध सैल करत असल्याचे जाहीर केले.

एवढे ऐकल्यावर एका रेशमी वस्त्राने जग बदलले असे वाटू लागते. पण त्याच वर्षी १५ मार्चला, म्हणजे कोवन त्या बसमध्ये चढण्याच्या तीन आठवडे आधी, अमेरिकेने आपल्या नागरिकांवरची चीनप्रवासाची बंदी उठवलेली होती. त्याआधीपासून दोन्ही सरकारे मध्यस्थांमार्फत एकमेकांचा अंदाज घेत होती, कारण सोव्हिएत संघाशी दोघांचेही बिनसले होते. जुलैत निक्सन यांचे सल्लागार किसिंजर पाकिस्तानमार्गे गुप्तपणे बीजिंगला गेले, फेब्रुवारी १९७२ मध्ये निक्सन गेले, एप्रिलमध्ये चिनी खेळाडू अमेरिकेच्या दौऱ्यावर आले, आणि पूर्ण राजनैतिक संबंध १ जानेवारी १९७९ रोजी प्रस्थापित झाले. त्या बसप्रवासापासून हे अंतर पावणेआठ वर्षांचे आहे. म्हणून मी असे म्हणेन की दोन्ही सरकारांना भेटायचे होते, पण आधी हात पुढे करणारा आपल्या देशात दुबळा ठरण्याची भीती होती. खेळाडूंच्या भेटीमुळे कोणालाही कमीपणा न येता पहिले पाऊल टाकता आले. हे काम लहान नाही. मात्र सरकारांची इच्छा नसती, तर तीच भेट वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर छापून विसरली गेली असती.

इच्छा नसली की काय होते, याचे उदाहरण आपल्या घरचे आहे. ३१ जानेवारी १९९९ रोजी चेन्नईच्या चेपॉक मैदानावर पाकिस्तानने भारताला १२ धावांनी हरवले. पाठदुखी सोसत तेंडुलकरने केलेल्या १३६ धावा वाया गेल्या, आणि तरीही प्रेक्षकांनी उभे राहून पाकिस्तानी संघासाठी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांच्या खरेपणाबद्दल मला यत्किंचितही शंका नाही. फेब्रुवारीत वाजपेयी बसने लाहोरला गेले. मे महिन्यात कारगिलचे युद्ध सुरू झाले. चेपॉकच्या प्रेक्षकांचे मन मोठे होते, पण सैन्याच्या हालचाली प्रेक्षकांच्या मनावर ठरत नाहीत. आपल्या समितीतल्या शंका घेणाऱ्या सदस्यांचे म्हणणे इथे बरोबर आहे, आणि ते मान्य करूनच पुढे जावे असे मला वाटते.

तरीही स्पर्धांच्या हातात एक अधिकार असतो, ज्याकडे फारसे लक्ष जात नाही, आणि तो म्हणजे कोणाला खेळायला बोलवायचे हे ठरवण्याचा. १९५२च्या फेब्रुवारीत जागतिक टेबल टेनिस स्पर्धा मुंबईत, ब्रेबॉर्न स्टेडियमवर झाली. आशियात ही स्पर्धा प्रथमच होत होती. जपानला १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये प्रवेश नव्हता. १९५१च्या दिल्लीतील पहिल्या आशियाई खेळांत आणि त्यानंतर मुंबईत मात्र तो मिळाला. जपानशी झालेला शांतता करार अमलात येण्याच्या अडीच महिने आधी, म्हणजे देश अजून परकीय सैन्याच्या ताब्यात असताना, जपानी खेळाडूंनी मुंबईत सातपैकी चार विजेतेपदे जिंकली. हिरोजी सातो यांच्या रॅकेटवरच्या जाड स्पंजामुळे चेंडूचा आवाजच येत नसे आणि समोरच्याला वेग कळत नसे, याची चर्चा जुने खेळाडू पुढे कितीतरी वर्षे करत. युद्धातल्या कटू आठवणी ताज्या असलेल्या जगात या देशाचे नाव पुन्हा एका निर्मळ कारणासाठी घेतले गेले, आणि त्यासाठी मुंबईने जागा दिली, याचे मला मनापासून अप्रूप वाटते.

या अधिकाराची दुसरी बाजूही आहे. १९५६ मध्ये आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघाने दक्षिण आफ्रिकेतील केवळ गोऱ्यांच्या संघटनेऐवजी वर्णभेद न मानणाऱ्या मंडळाला मान्यता दिली. १९७४ मध्ये भारताने टेनिसच्या डेव्हिस चषकाचा अंतिम सामना दक्षिण आफ्रिकेविरुद्ध खेळायला नकार देऊन विजेतेपदाची संधी सोडली. जे आपल्याच देशातल्या माणसांना मैदानाबाहेर ठेवतात त्यांच्याशी न खेळणे, हेही माणसांना एकत्र आणण्याच्याच बाजूचे आहे असे मी मानते. मात्र हा निर्णय महासंघाने किंवा सरकारने उघडपणे आणि कारण सांगून घ्यावा. त्याचे ओझे एखाद्या मुलावर किंवा मुलीवर टेबलापाशी येऊ नये.

आता माणसांकडे वळते, कारण तिथे माझ्याजवळ सांगण्यासारखे अधिक आहे. १९९१ मध्ये जपानमधील चिबा येथे उत्तर आणि दक्षिण कोरियाचा एकच संघ उतरला. पांढऱ्या कापडावर निळ्या रंगातला अखंड कोरियाचा नकाशा हा त्यांचा ध्वज होता आणि 'आरिरांग' हे लोकगीत राष्ट्रगीताच्या जागी होते. दक्षिणेची ह्युन जुंग-ह्वा आणि उत्तरेची ली बुन-हुई या एरवी एकमेकींच्या कडव्या प्रतिस्पर्धी होत्या. स्पर्धेआधी दोन्हीकडचे खेळाडू जपानमध्ये कित्येक आठवडे एकत्र राहिले, एकत्र सराव करत राहिले. महिलांच्या सांघिक अंतिम सामन्यात त्यांनी चीनला ३-२ असे हरवले, ज्या चीनने त्याआधी सलग आठ वेळा हा चषक जिंकला होता. या विजयाबद्दल पंचांमध्ये बोलणे निघते तेव्हा अंतिम सामन्यापेक्षा त्या आधीच्या आठवड्यांबद्दलच अधिक बोलले जाते. अपरिचित जोडीदारासोबत सांघिक दुहेरी खेळणे किती अवघड असते हे खेळलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. कोण कधी बाजूला सरकणार, कोणत्या सर्व्हिसवर बोटांनी टेबलाखाली कोणती खूण करायची, हे सगळे सहवासातूनच जुळते. स्पर्धा संपली आणि दोघी आपापल्या देशांत परतल्या. त्यांना एकत्र आणणारी व्यवस्था पुढे टिकवली गेली नाही.

२०१८ मध्ये स्वीडनमधील हाल्मस्टाड येथे याचीच वेगळी आवृत्ती घडली. जागतिक सांघिक स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत दोन्ही कोरियांचे महिला संघ समोरासमोर आले. दोन्ही देशांच्या सीमेवरील पानमुनजोम येथे त्यांच्या नेत्यांची भेट जेमतेम आठवड्यापूर्वी झाली होती. सामना न खेळता दोन्ही संघ एक झाले आणि उपांत्य फेरीत जपानकडून ०-३ असे हरले. पंच म्हणून मला हा निर्णय सहज स्वीकारता आला नाही. ड्रॉ, म्हणजे कोणाचा सामना कोणाशी हे ठरवणारी सोडत, निघाल्यानंतर स्पर्धेच्या मध्यावर दोन संघांचा एक संघ होणे म्हणजे पुढच्या प्रतिस्पर्ध्यावर अन्याय होण्याची शक्यता असते, आणि नियम सर्वांना सारखे असतात हा विश्वास नसेल तर कोणतीच स्पर्धा कोणाला जवळ आणू शकत नाही. त्याच वर्षी प्योंगचांगच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये महिलांच्या आइस हॉकीचा संयुक्त कोरियन संघ ऐनवेळी बनवला गेला, तेव्हा आपल्या खेळाडूंची खेळण्याची संधी हिरावली जाते म्हणून दक्षिण कोरियातल्या अनेक तरुणांनी नाराजी व्यक्त केली, आणि ती मला रास्त वाटते. हाल्मस्टाडला मात्र जपानच्या संघाने कुरकूर न करता सामना खेळला, म्हणून तो प्रसंग निभावला. मैत्रीच्या प्रसंगी सर्वांत मोठा त्याग अनेकदा तिसऱ्यालाच करावा लागतो, आणि छायाचित्रात तो कुठे दिसत नाही.

दोन्ही कोरियांच्या सरकारांमधले ते मैत्रीचे वातावरण पुढच्याच वर्षापासून पुन्हा बिघडले. तरीही २०२४ मध्ये पॅरिसला मिश्र दुहेरीच्या पदकमंचावर दक्षिण कोरियाच्या खेळाडूने चीनच्या सुवर्णविजेत्यांसोबत आणि उत्तर कोरियाच्या रौप्यविजेत्यांसोबत एकाच मोबाइलवर सेल्फी काढला. त्याचा राजकीय परिणाम काही झाला नाही, आणि तशी अपेक्षाही करू नये.

थोडक्यात, सरकारे जवळ यायची असतील तेव्हा स्पर्धा त्यांना वाट देते, नसतील तेव्हा थांबवू शकत नाही; खेळाडू मात्र जवळ येऊ शकतात, जर त्यांना सामन्याबाहेरचा वेळ एकत्र मिळाला तर. आजच्या स्पर्धांत नेमका हाच वेळ कमी होत चालला आहे. पूर्वी जागतिक स्पर्धेला आलेला संघ हरला तरी शेवटपर्यंत थांबत असे. आता व्यावसायिक मालिकेत आठवड्याला एक शहर असते. खेळाडू सकाळी हरतो आणि रात्रीच्या विमानाने पुढच्या स्पर्धेला निघतो. यात खेळाडूंचा दोष नाही, त्यांचे क्रमवारीचे गुण आणि चरितार्थ त्यावर अवलंबून असतो. पण कुमार गटात ही घाई अजून तेवढी नसते, आणि म्हणून आपल्या स्पर्धेबद्दल मला आशा वाटते.

आपल्या हातात काय आहे, ते आता माझ्या अनुभवावरून सांगते. सर्वांत आधी व्हिसा. २०१९ मध्ये दिल्लीतील नेमबाजीच्या विश्वचषकासाठी पाकिस्तानी नेमबाजांना व्हिसा मिळाला नाही, तेव्हा आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने भारताशी भावी स्पर्धांच्या यजमानपदाची बोलणी थांबवली आणि सर्वांना प्रवेश मिळेल अशी लेखी हमी मागितली. व्हिसा देणे आपल्या समितीच्या हातात नाही. पण निमंत्रणपत्रे वेळेवर पाठवणे, राष्ट्रीय महासंघामार्फत मंत्रालयाकडे यादी लवकर पोहोचवणे आणि अडचण दिसताच ती न लपवणे हे आहे. ज्या संघाला प्रवेशच मिळाला नाही त्याच्याशी मैत्रीची चर्चा करण्यात अर्थ नसतो.

त्यानंतर सरावाचे तक्ते. बहुतेक आयोजक प्रत्येक संघाला स्वतंत्र टेबल आणि स्वतंत्र वेळ देतात, कारण त्यात तक्रारी कमी येतात. मी सुचवीन की रोज किमान एक सत्र खुले ठेवावे आणि त्यात दोन वेगळ्या देशांच्या खेळाडूंनाच एक टेबल मिळावे. सराव करताना भाषा लागत नाही. फोरहँड, बॅकहँड एवढे शब्द सर्वांना येतात, आणि पंधरा मिनिटे एकमेकांना चेंडू नीट परत देत राहिलेली दोन मुले पुढचा आठवडाभर एकमेकांना ओळखतात. लहान संघांना, ज्यांच्यासोबत सरावासाठी पुरेसे खेळाडूच नसतात, त्यांना याचा सर्वाधिक लाभ होतो.

बस आणि जेवण यांबद्दलही हेच. मी एका स्पर्धेत काम केले, जिथे प्रत्येक संघाची राहण्याची जागा निराळी होती आणि जेवणाचे डबे खोल्यांवर जात. सगळे वेळेवर झाले, गैरसोय कोणाचीच झाली नाही, आणि शेवटच्या दिवशी मुलांना प्रतिस्पर्ध्यांचे चेहरे सोडून काहीही ठाऊक नव्हते. शक्य असेल तर एकच भोजनगृह ठेवा, बस संघानुसार न सोडता वेळेनुसार सोडा. अर्थात हे परिस्थितीवर अवलंबून आहे. सुरक्षा यंत्रणेने एखाद्या संघासाठी वेगळी व्यवस्था सांगितली तर ती पाळावीच लागते. मुले अल्पवयीन असल्याने प्रत्येक संघाचा जबाबदार प्रौढ सोबत असलाच पाहिजे, आणि आहाराचे धार्मिक व वैद्यकीय नियम आधी विचारून घेतले पाहिजेत. पैसा कमी असेल तर उद्घाटनाच्या कार्यक्रमाचा खर्च कमी करा, पण भोजनगृहाचा करू नका.

दुहेरीबद्दल एक सूचना विशेष आग्रहाने करते. सांघिक आणि वैयक्तिक सामन्यांच्या मधल्या संध्याकाळी चिठ्ठ्या टाकून वेगवेगळ्या देशांच्या जोड्या बनवाव्यात आणि अकरा गुणांचे छोटे सामने खेळवावेत. जागतिक स्तरावरही हे घडलेले आहे. २०१५ मध्ये सूचौ येथे चीनचा शू शिन आणि दक्षिण कोरियाची यांग हा-उन या जोडीने मिश्र दुहेरीचे सुवर्ण जिंकले. नागोयाच्या भेटीला पन्नास वर्षे झाली त्या २०२१ सालच्या ह्यूस्टनच्या स्पर्धेत चीन आणि अमेरिकेच्या खेळाडूंच्या दोन मिश्र जोड्या उतरल्या. त्यांतल्या लिन गाओयुआन आणि लिली झांग यांना कांस्यपदक मिळाले, आणि दुसऱ्या जोडीतला कनक झा हा भारतीय वंशाचा अमेरिकन खेळाडू होता.

टेबलापाशी जे शिष्टाचार आहेत ते स्वयंसेवकांना आणि पालकांना आधी समजावून सांगा. सामन्यापूर्वी आपली रॅकेट प्रतिस्पर्ध्याला तपासू देणे हा नियमच आहे. चेंडू जाळीला किंवा कडेला लागून गुण मिळाला तर हात किंचित वर करून दिलगिरी दाखवणे ही प्रथा आहे, आणि ती मी जिथे जिथे काम केले तिथे पाहिली आहे. प्रतिस्पर्ध्याला शून्यावर हरवू नये म्हणून १०-० असताना एक गुण सोडण्याची पद्धत आता मागे पडत आहे. तिचा आग्रह धरू नका, कारण काही खेळाडूंना तो अपमान वाटतो. एखाद्या मुलाने हस्तांदोलनाला हात पुढे केला नाही, तर ध्वनिक्षेपकावरून किंवा सर्वांसमोर त्याला टोकू नये. कदाचित त्याला घरून तसे सांगितलेले असेल, कदाचित तो केवळ हरल्यामुळे रडवेला झालेला असेल. प्रशिक्षकाशी नंतर शांतपणे बोलावे.

फलकावरच्या त्या वाक्याला माझा विरोध नाही. मात्र खुले सराव सत्र, एकत्र भोजन आणि वेगवेगळ्या देशांच्या मिश्र जोड्यांची संध्याकाळ या तीन गोष्टी कार्यक्रमपत्रिकेत पक्क्या झाल्यावरच समितीने त्यावर मतदान घ्यावे. पत्रिका तयार करताना हरलेल्या संघांच्या परतीच्या तारखा आधी विचारून घ्या, आणि मिश्र जोड्यांचे सामने शेवटच्या दिवशी न ठेवता सांघिक सामने संपतात त्याच संध्याकाळी ठेवा, म्हणजे पहिल्या फेरीत बाद झालेली मुलेही त्यात खेळू शकतील. टेबलांची संख्या आणि संघांची यादी इथे लिहिलीत, तर सरावाचा तक्ता कसा आखावा हेही मी सविस्तर सांगेन.